एंड्युरन्ससाठी पहिला घोडा निवडताना मी काय बघते

प्रश्न थोडक्यात असा आहे: दोन वर्षं रायडिंग शिकून झालंय, ट्रॉट (दुडकी चाल) आणि कँटर (सावकाश दौड) नीट जमतो, आता एंड्युरन्समध्ये, म्हणजे लांब पल्ल्याच्या घोडेस्वारीच्या स्पर्धांमध्ये, उतरायचंय, पाच वर्षांचा एक अरबी घोडा विकायला आलाय, दिसायला राजबिंडा, पळायला एकदम तेज, ट्रेनिंग आपणच देऊ असा विचार आहे, तर घ्यावा का? आणि तो नको असेल तर घोडा बघताना नेमकं काय बघायचं?

मी बरीच वर्षं या खेळात आहे, स्वतः राइड करते आणि राइड करत नसेन तेव्हा व्हेटच्या, म्हणजे घोड्यांच्या डॉक्टरच्या, हाताखाली पल्स मोजायला उभी असते, त्यामुळे पास होणारे आणि बाद होणारे दोन्ही घोडे अगदी जवळून बघायला मिळतात. त्या जोरावर सांगते, हा घोडा घेऊ नका. घोड्यात खोट असेल म्हणून नाही, तो पुढे जाऊन खूप चांगला निघेलही, पण नवा स्वार आणि नवा घोडा ही जोडीच जमत नाही. पेस काय ठेवायचा ते तुम्हाला माहीत नाही आणि त्यालाही माहीत नाही, सुरुवातीच्या गर्दीत तो भडकला तर त्याला आवरायचं कसं ते तुम्हाला अजून यायचंय आणि शांत राहायचं कसं ते त्याला. पहिल्या घोड्याने तुम्हाला शिकवलं पाहिजे. म्हणून साधारण नऊ ते चौदा वयाचा, आधी काही राइड नीट पूर्ण केलेला, बघणाऱ्याला थोडा साधाच वाटेल असा घोडा किंवा घोडी शोधा.

आता कारणं. या खेळात घोडा पास कशावर होतो हे आधी डोक्यात पक्कं बसलं पाहिजे, निवडीचं सगळं गणित तिथूनच सुटतं. आजच्या एंड्युरन्सची सुरुवात १९५५ च्या टेविस कपपासून धरतात, कॅलिफोर्नियात वेंडेल रोबी आणि त्यांचे काही सोबती सिएरा नेवाडाचे डोंगर ओलांडून १०० मैल एका दिवसात गेले, रोबींचा घोडा बांदोस हा अरबीच होता. त्या राइडमध्ये आजही निघालेल्या घोड्यांपैकी साधारण निम्मेच शेवटपर्यंत पोचतात, आणि जे राहतात त्यातले बरेचसे हळू होते म्हणून राहत नाहीत, व्हेटने थांबवलेले असतात, कोणी लंगडतोय, कोणाचा पल्स उतरत नाहीये, कोणाचं पोट गप्प झालंय. अमेरिकेतल्या एईआरसी या संस्थेचं ब्रीदच आहे की पूर्ण करणं म्हणजेच जिंकणं. आणि पूर्ण करणं म्हणजे नुसती रेषा ओलांडणं नाही हं, रेषा ओलांडल्यावरही व्हेटने बघून म्हटलं पाहिजे की हा घोडा अजून पुढे जाऊ शकतो, तरच ती राइड धरली जाते. टेविसमध्ये तर १९६४ पासून हॅगिन कप नावाचं वेगळं बक्षीस आहे, पहिल्या दहात आलेल्या घोड्यांपैकी ज्याची तब्येत सगळ्यात छान राहिली त्याला, आणि मुरलेल्या स्वारांना विचारलंत तर त्यातले कितीतरी जण पहिल्या नंबरापेक्षा तोच कप मागतील.

वेगाचं गणित करून बघा म्हणजे तुमचं तुम्हालाच पटेल. ५० मैल म्हणजे ८० किलोमीटर, वेळ मिळतो १२ तास, आणि व्हेट गेटवरची, म्हणजे वाटेत जिथे व्हेट घोडा तपासतो त्या थांब्यांवरची, सक्तीची विश्रांती त्यातच धरलेली असते. समजा दीड तास विश्रांतीत गेला, उरले साडेदहा तास, म्हणजे ताशी साडेसात किलोमीटरच्या जरा वर. नवीन लोकांसाठी २५ ते ३५ मैलांच्या लिमिटेड डिस्टन्स राइड असतात, तिथेही हिशोब असाच सोपा आहे. ताशी अकरा-बारा किलोमीटरच्या एकसारख्या दुडक्या चालीने जाणारा, चढावर आणि खडकाळ उतारावर चालत घेणारा कुठलाही निरोगी घोडा हे आरामात करतो. पळायला तेज आहे ही गोष्ट तुमच्या कामाचीच नाही, उलट पहिले दहा किलोमीटर तो तेजपणा आवरण्यात तुमचे हात-खांदे जातील आणि त्याची ताकद जाईल.

ज्याची खरंच किंमत आहे ती गोष्ट म्हणजे चालणं. लोक घोडा बघायला जातात आणि ट्रॉट बघतात, कँटर बघतात, चालणं कोणी बघतच नाही. कुठल्याही डोंगराळ राइडमध्ये समजा १६ किलोमीटर चालत जावं लागलं, तर ताशी पाचने चालणाऱ्याला त्याला ३ तास १२ मिनिटं लागतात आणि ताशी साडेसहाने चालणाऱ्याला अडीच तासांच्या आत. पाऊण तास वाचला, आणि तोही पल्स न वाढवता. मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशावर किंवा त्याच्याही पुढे पडतोय, मान लयीत हलतेय, कोणी टाच मारत नाहीये तरी स्वतःहून पुढे जातोय, असं चालणं दिसलं की मी त्या घोड्याला मनातल्या मनात बरेच मार्क देऊन टाकते.

आता रिकव्हरी, म्हणजे काम थांबवल्यावर पल्स किती लवकर खाली येतो. माझ्या मते खरं घोडामैदान हेच. निरोगी घोड्याचा आरामातला पल्स साधारण २८ ते ४४ असतो, ट्रॉटला तो शंभराच्या वर जातो, आणि गेटवर ठरलेल्या मिनिटांत तो ६४ किंवा जिथे जो आकडा ठरला असेल त्याच्या खाली आला पाहिजे. हे बघायला कुठलं भारी मशीन लागत नाही, एक साधा स्टेथोस्कोप घ्या. घोड्याच्या डाव्या बाजूला उभं राहून तो कोपराच्या मागे, अगदी पोटपट्टी बसते तिथे थोडा पुढे दाबून धरा, लब-डब असे दोन आवाज मिळून एक ठोका, १५ सेकंद मोजा आणि चारने गुणा. पहिल्यांदा ऐकाल तेव्हा आवाज कुठेतरी खोल विहिरीतून आल्यासारखा वाटेल, आणि ठोके इतके सावकाश की आपणच मोजायला चुकतोय असं वाटतं, पण दोन-चार घोड्यांवर हात बसला की जमतं.

ट्रायलला गेलात की त्याला आठ-दहा किलोमीटर मुख्यतः ट्रॉट करून आणा, उतरा, सॅडलचा पट्टा सैल करा, पाचव्या मिनिटाला मोजा, दहाव्याला मोजा. साधारण कंडिशन असलेला घोडा दहा मिनिटांत साठच्या आसपास यायला हवा, खूप ऊन किंवा दमट हवा असेल तर थोडी सूट द्या. महिनोन्महिने उभाच असलेला घोडा असेल तर त्याची रिकव्हरी वाईट येणारच, भाकरी का करपली आणि घोडा का अडला याचं जे जुनं उत्तर आहे तेच, न फिरवल्यामुळे, म्हणून अशा घोड्याला लगेच बाद करू नका पण त्याच्याकडून रिकव्हरीचा पुरावाही मिळाला असं धरू नका. पल्स खाली आल्यावर अजून एक करता येतं, गेटवर व्हेट करतात तेच: पल्स मोजा, मग घोड्याला हातात धरून साधारण ३८ मीटर पुढे आणि तितकंच मागे असा ट्रॉट करा, ट्रॉट सुरू केल्यापासून बरोबर एक मिनिटाने पुन्हा मोजा. दुसरा आकडा पहिल्याइतका किंवा त्याहून कमी आला तर घोडा मजेत आहे. चारने वाढला तर मी लक्ष ठेवते, आठ किंवा जास्तने वाढला तर काहीतरी दुखतंय किंवा शरीर दमलंय असं समजते. एक घोडी मला आठवते, अंगाने लहान, पोट जरा सुटलेलं, कोणी वळून बघणार नाही अशी, पण पाण्याशी पोचेपर्यंत तिचा पल्स उतरलेला असायचा. शेजारी तिच्यापेक्षा दुप्पट देखणे घोडे ओल्या स्पंजखाली उभे आणि त्यांचे स्वार घड्याळ बघतायत.

ठोके ऐकताना आराम करणाऱ्या घोड्याचा एखादा ठोका मधेच गळाल्यासारखा वाटला तर घाबरू नका, फिट घोड्यांमध्ये हे बऱ्याचदा असतं आणि थोडं काम दिलं की नियमित होतं. कामानंतरही लय वेडीवाकडीच राहिली तर मात्र व्हेटकडून नीट तपासून घेतल्याशिवाय पुढे जायचं नाही.

यानंतर खाणं-पिणं, आणि इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे कारण नवीन लोक हे बघतच नाहीत. उन्हात काम करताना घोड्याला तासाला दहा-पंधरा लिटर घाम येऊ शकतो. आपल्या घामात मीठ रक्तापेक्षा कमी असतं, त्यामुळे घाम गेला की आपलं रक्त खारट होतं आणि तहान लागते. घोड्याच्या घामात मीठ रक्ताइतकं किंवा जास्तच असतं, म्हणजे पाणी आणि मीठ दोन्ही बरोबरच जातात, रक्त फारसं खारट होत नाही, आणि शरीर कोरडं पडत चाललं तरी मेंदूला तहानेचा निरोपच पोचत नाही. म्हणून नवखा घोडा पहिले तीस किलोमीटर पाण्यावरून नुसता उडी मारून जातो आणि मग पुढे सगळं एकदम अंगावर येतं. अनुभवी घोडा डबक्यातलं, टाकीतलं, अनोळखी बादलीतलं जे मिळेल ते थांबून पितो, हे त्याला अनुभवानेच येतं. घोडा खरंच पितोय की नुसतं तोंड बुडवून खेळतोय हे कळायला त्याचे कान बघा, प्रत्येक घोटाला कान थोडे मागे-पुढे हलतात, तसे घोट मोजता येतात.

खाण्याचं तसंच. घोड्याचं मोठं आतडं म्हणजे पाण्याचा आणि क्षारांचा साठा असतो, त्यात चारा असेल तर तो साठा टिकतो. गेटवर पोचल्या पोचल्या तोंड खाली घालून गवत ओढायला लागणारा घोडा हा व्हेटचा लाडका. खायला नखरे करणारा, नवीन जागी चाऱ्याला तोंड न लावणारा, दुसरे घोडे दिसले की खाणं सोडून खिंकाळत बसणारा घोडा कितीही गुणी असला तरी पहिला घोडा म्हणून मी सुचवणार नाही. मालकाला थेट विचारा की बाहेरगावी मुक्कामाला हा नीट खातो का, लीद-लघवी नेहमीसारखी होते का. ट्रायलच्या दिवशी राइडवरून आल्यावर त्याच्यापुढे गवत टाका आणि वीस मिनिटं काही न करता नुसतं बघत उभे राहा.

पाय आणि खूर. इथे चूक झाली तर बाकीचं सगळं फुकट. खुरापासून सुरू करा. पुढचे दोन्ही खूर आकाराने सारखे हवेत, एक उभट आणि एक पसरट असेल तर त्या बाजूच्या खांद्यात किंवा जुन्या दुखण्यात कारण असू शकतं. टाचा रुंद हव्यात, दोन्ही टाचा एकमेकींना चिकटून आत ओढलेल्या नकोत, खुराच्या खालचा त्रिकोणी मऊ भाग रुंद आणि निरोगी हवा, त्याला कुजका वास नको. तळवा पातळ असलेला घोडा खडीवर गेला की जपून-जपून पाय टाकायला लागतो, म्हणून त्याला मुद्दाम कठीण आणि दगडी जागेवरून चालवून बघा. खुराच्या भिंतीवर आडव्या रेघा असतील तर त्या कशाच्या ते विचारा, चारा बदलला, ताप येऊन गेला, तर साध्या रेघा येतात, पण टाचेकडे रुंद आणि बोटाकडे अरुंद होत जाणाऱ्या रेघा दिसल्या तर लॅमिनायटिस (खुराच्या आतली सूज) होऊन गेला असेल अशी शंका घ्या. शक्य असेल तर नालबंदाला बरोबर न्या, किंवा निदान त्याचे खूर करणाऱ्या नालबंदाशी फोनवर बोला. व्हेट दोनदा बघतो, मालक रोज बघतो, पण नाल टिकते की नाही आणि पाय उचलून धरताना घोडा कुठे दुखल्यासारखा करतो हे नालबंदाइतकं कोणाला माहीत नसतं.

मग समोरून बघा. छातीपासून खाली एक दोरी सोडली तर ती गुडघा, नळी, घोटा आणि खूर या सगळ्यांच्या मधून गेली पाहिजे. थोडाफार फरक चालतो, शंभर टक्के सरळ पायांचा घोडा मी अजून बघितलेला नाही. पण गुडघ्याखालची नळी गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला सरकलेली असेल, किंवा बाजूने बघितल्यावर गुडघा मागे वाकल्यासारखा दिसत असेल, तर लांब पल्ल्याला तो नको. गुडघा थोडा पुढे झुकलेला असेल तर ते दिसायला वाईट पण त्रासाला कमी. नळ्या आखूड आणि दणकट हव्यात. गुडघ्याच्या जरा खाली टेपने घेर मोजतात, ४५० किलोच्या घोड्याला साधारण १८ सेंटीमीटर म्हणजे ठीक. घोट्याखालचा तिरका भाग फार लांब आणि मऊ असेल तर घोटा दर पावलाला खाली बसतो आणि मागच्या शिरांवर (म्हणजे टेंडनवर) ताण येतो, फार उभा असेल तर दणका सगळा वर जातो.

हे सगळं उभ्या घोड्यावर बघून झालं की चालताना बघा, ते जास्त महत्त्वाचं. सरळ रेषेत तुमच्याकडे आणि तुमच्यापासून लांब, आधी चालत मग ट्रॉट, दोर सैल सोडून. डोकं एका पावलाला वर जातंय का, कंबर एका बाजूला जास्त उचलली जातेय का. नाल लावलेला असेल तर डोळे मिटून ऐका, चारही टापा सारख्या वाजल्या पाहिजेत. एका पायाचा दुसऱ्याला घासत जाण्याचा प्रकार असेल तर आतल्या बाजूला केस गेलेले किंवा जुन्या जखमांचे वण दिसतात, ताज्या घोड्यात थोडं घासत असेल तर सत्तराव्या किलोमीटरला दमलेल्या घोड्यात काय होईल त्याचा अंदाज करा. एक सांगते, ट्रायलला ठरल्या वेळेच्या आधी थोडं लवकर पोचा आणि घोडा अजून तबेल्यातून काढलेला नसतानाच त्याच्या पायांवरून हात फिरवा. सकाळी पाय भरलेले असले आणि चालवून आणले की उतरतात, आणि तुम्ही पोचता तेव्हा सगळं छान दिसतं.

पाठ आणि वजन. स्वार, सॅडल आणि बाकी सामान मिळून घोड्याच्या वजनाच्या २० टक्क्यांच्या आत राहिलं तर बरं असा सगळीकडे ढोबळ नियम धरतात, म्हणजे ४०० किलोच्या घोड्यावर सामानासकट ८० किलो. पण मी त्या आकड्याइतकंच पाठीच्या बांध्याकडे बघते, कंबरेचा भाग आखूड आणि भरलेला असेल तर लहान घोडाही वजन छान नेतो. पाठीवर बोटांनी मणक्याच्या दोन्ही बाजूंनी हळू दाबत जा, घोडा पाठ खाली टाकतो किंवा चावायला वळतो का ते बघा. सॅडलच्या जागी पांढरे केस असले तर कधीतरी चुकीच्या सॅडलने तिथे दाब दिलाय. राइडवरून आल्यावर सॅडल काढलं की घामाचा ठसा बघा, सगळीकडे सारखा ओला हवा, मधे कोरडा चकता दिसला तर बऱ्याचदा तिथे दाब जास्त पडतोय. खांद्यावरचा उंचवटा अजिबातच नसलेला गोलमटोल घोडा असेल तर उतारावर सॅडल मानेवर सरकतं, नव्या स्वाराला ते फार त्रासाचं.

उंचीबद्दल फार विचार करू नका. १४५ ते १५५ सेंटीमीटरमध्ये भरपूर उत्तम घोडे मिळतात, आणि या खेळात आपण दिवसातून कितीदा तरी उतरतो-चढतो, उतारावर बाजूने पळतो, ठेंगणा घोडा असला की गुडघे दुवा देतात.

जात. अरबी घोडे इथे उगाच पुढे नाहीत, त्यांच्या स्नायूंमध्ये सावकाश दमणारे तंतू जास्त असतात, अंग सडपातळ आणि कातडी पातळ, त्यामुळे उष्णता लवकर बाहेर पडते. भरदार स्नायूंच्या घोड्यांना तीच उष्णता बाहेर टाकायला वेळ लागतो, म्हणून त्यांच्याबरोबर पेस कमी ठेवावा लागतो एवढंच. तुर्कमेनिस्तानातल्या अखाल-टेके जातीचे घोडे १९३५ मध्ये अश्गाबातहून मॉस्कोला ८४ दिवसांत गेले होते, अंतर ४,००० किलोमीटरच्या वर. एल्मर बँडिट नावाचा अर्धा अरबी घोडा तर अमेरिकेतल्या ट्रेल स्पर्धांमध्ये तिशी ओलांडल्यावरही उतरत होता आणि त्याच्या नावावर २०,००० मैलांच्या वर जमा झाले. मॉर्गन, मस्टँग, मारवाडी, अगदी खेचरंसुद्धा या खेळात चालतात. २५-३० मैलांच्या पहिल्या वर्षासाठी जातीपेक्षा तो एक घोडा कसा आहे तेच बघा, आणि तुमच्याकडे आधीपासून निरोगी घोडा असेल तर नवीन घेण्याआधी त्याच्यावरच एक छोटी राइड करून या.

वयाचा मुद्दा वर येऊन गेला पण कारण सांगायचं राहिलं. घोड्याच्या हाडांची वाढ सगळीकडे एकाच वेळी थांबत नाही, पायांची आधी थांबते आणि पाठीच्या मणक्यांची शेवटी, साडेपाच-सहा वर्षांच्या आसपास. एईआरसी ५० मैल आणि पुढच्या राइडसाठी निदान ६० महिने वय मागते, छोट्या राइडसाठी ४८. हा कमीत कमी नियम आहे, तेवढं वय झालं म्हणजे घोडा तयार झाला असं नाही. त्यात अजून एक फसगत आहे, दम दोन-तीन महिन्यांत वाढतो, पण शिरा आणि सांध्यांना घट्ट व्हायला वर्षभर लागतं आणि हाडांना त्याहून जास्त. म्हणजे तरुण घोडा छातीने तयार आणि पायाने कच्चा अशी अवस्था बराच काळ राहते, तो पळायला मागतो, आपल्याला वाटतं झाला तयार, आणि नेमकं तिथेच घोडं पेंड खातं. मोठ्या घोड्याच्या बाबतीत हे काम आधीच्या कोणीतरी केलेलं असतं. सोळा-सतरा वर्षांचा अनुभवी घोडासुद्धा, पाय आणि तब्येत चांगली असेल तर, छोट्या अंतरांसाठी उत्तम गुरू ठरतो.

अंगाने कसा हवा? हेनेके यांची १९८३ ची १ ते ९ अशी बॉडी कंडिशनची पट्टी सगळीकडे वापरतात, त्यात पाचच्या आसपास हवा, म्हणजे फासळ्या हाताला लागतात पण लांबून दिसत नाहीत. एंड्युरन्सचा घोडा म्हणजे हाडं दिसणारा घोडा ही समजूत डोक्यातून काढून टाका, फार रोडावलेल्या घोड्याकडे लांब पल्ल्यासाठी साठाच नसतो.

स्वभाव ट्रायलमध्येच कळतो, विकणाऱ्याच्या बोलण्यातून नाही. त्याला तबेल्यापासून एकट्याला लांब घेऊन जा. मग दुसऱ्या घोड्याबरोबर जा आणि त्या घोड्याला मुद्दाम पुढे नजरेआड होऊ द्या, थोडा अस्वस्थ होणं ठीक, पण दोन पायांवर उभा राहिला किंवा लगाम ओढून पळ काढला तर थँक्यू म्हणून परत या. ट्रेलरमध्ये चढतो का, रात्रभर बांधून ठेवला तर शांत राहतो का, अनोळखी माणसाने पोटावर, शेपटीखाली, हिरड्यांना हात लावला तर चालतं का. हिरडी अंगठ्याने दाबून सोडलीत की पांढरी पडलेली जागा दोन सेकंदांच्या आत गुलाबी व्हायला हवी, या निमित्ताने घोडा तोंडाला हात लावू देतो का हेही कळतं. हातात धरून ट्रॉट करताना तो खुशीत बरोबर आला पाहिजे, ओढत न्यावा लागला तर व्हेटला पायही नीट दिसत नाही.

आधी राइड केलेला घोडा असेल तर त्याचा रेकॉर्ड बघा. एईआरसीचे आणि एफईआय या आंतरराष्ट्रीय संघटनेचे निकाल ऑनलाइन बघायला मिळतात, दुसरीकडे आयोजकांना विचारा. किती पूर्ण केल्या यापेक्षा जिथे बाद झाला तिथे का झाला ते वाचा. एखाद्या वेळी लंगडला म्हणून थांबवला हे चालतं, दगड लागतो, नाल निघते. पण तोच पाय परत-परत, किंवा मेटाबॉलिक कारणाने (पल्स न उतरणं, पोट गप्प होणं असं काही) दोन-तीनदा, तर सोडून द्या. आणि एकाच सीझनमध्ये भरमसाट राइड, पुढचं पूर्ण वर्ष गायब, असं दिसलं तर त्या गायब वर्षाबद्दल विचारल्याशिवाय राहू नका.

व्हेट तपासणी करताना विकणाऱ्याचा नेहमीचा व्हेट नको, आपला घ्या, आणि एंड्युरन्ससाठी घेतोय हे त्याला आधीच सांगा म्हणजे तो कामानंतरचा पल्स, हृदय, पाय मुडपून घेतल्यावरचा ट्रॉट हे सगळं नीट करेल. पुढच्या खुरांचे आणि घोट्यांचे एक्स-रे काढून घ्या. आणि रक्ताचा नमुना घेऊन ठेवायला सांगा, दुखणं दाबायचं किंवा शांत ठेवायचं औषध दिलेलं असेल तर नंतर त्यातून कळतं. प्रामाणिक विकणारा याला कधीच हरकत घेत नाही.

परवडत असेल-नसेल, तरी लगेच विकत घेण्याआधी लीजचा, म्हणजे काही काळ दुसऱ्याचा घोडा वापरायला घेण्याचा, पर्याय नक्की विचारा. बऱ्याच जुन्या स्वारांकडे असा एखादा घोडा असतो ज्याला आता १०० मैल झेपत नाहीत पण २५ सहज झेपतात, आणि त्याला जपून चालवणारं माणूस त्यांना हवंच असतं. एक सीझन तसा घोडा मिळाला तर स्वतःचा घोडा निवडताना तुमची नजरच वेगळी झालेली असेल, आणि मालक सोबत असल्यामुळे गेटवर काय करायचं, बर्फाचं पाणी कुठे मारायचं, इलेक्ट्रोलाइट किती आणि कधी द्यायचे, हे सगळं बघत-बघत येतं.

घोडा ठरला की लेखी करार करा, त्यात माहीत असलेली दुखणी आणि चालू औषधं लिहून घ्या, आणि जमलं तर दोन-तीन आठवड्यांचा ट्रायल पिरियड मागा. घरी आणताना त्याच्या जुन्या जागेचा निदान आठवडाभर पुरेल एवढा चारा आणि चंदी बरोबर आणा आणि त्यात तुमचा चारा रोज थोडा-थोडा वाढवत न्या, एकदम बदललात तर कॉलिक, म्हणजे पोटदुखी, व्हायला वेळ लागत नाही. त्याचं सॅडल त्याला नीट बसत असेल तर तेही विकत मागून बघा. पहिले दोन-तीन आठवडे नुसतं चालणं आणि हलका ट्रॉट, रोज सकाळी फिरवायच्या आधी पल्स मोजून वहीत लिहा आणि पायांवरून हात फिरवा, म्हणजे त्याचं नेहमीचं काय आहे ते तुमच्या हाताला आणि कानाला माहीत होईल, आणि पुढे कधी काही बिघडलं तर गेटवर व्हेटने सांगायच्या आधी तुम्हाला कळेल.